पाळणा, किंमत एकशे चाळीस

कुटुंबसंस्थेचा पाया प्रेम, विश्वास आणि त्याग या तीन गोष्टींवर उभा आहे, असं सर्वत्र सांगितलं जातं. हे सांगणाऱ्यांनी कुटुंबाचं गॅरेज पाहिलेलं नसतं. कुटुंबसंस्था प्रत्यक्षात उभी असते ती गॅरेजमध्ये छतापर्यंत रचलेल्या खोक्यांवर, आणि त्यातलं सगळ्यांत खालचं खोकं ओढून काढलं तर काय होईल हे बघण्याची हिंमत आजवर कुणी केलेली नाही.

आयोवा राज्यातल्या एल्क प्रेअरी या आमच्या गावात प्लम स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. या रस्त्यावरच्या प्रत्येक घराला दोन मोटारी मावतील एवढं गॅरेज आहे आणि प्रत्येक घराच्या दोन्ही मोटारी बाहेर उभ्या असतात. हिवाळ्यात त्यांच्यावर गुडघाभर बर्फ साचतं. ते आम्ही सकाळी फावड्याने उपसतो. जुनं फावडं गॅरेजमध्ये सापडत नसल्यामुळे दर वर्षी नवीन आणावं लागतं आणि वसंत ऋतू आला की तेही गॅरेजमध्ये ठेवलं जातं. परगावचे पाहुणे विचारतात, "अहो, गाडी आत का नाही लावत?" हा प्रश्न ज्यांना मुलं नाहीत असेच लोक विचारतात. गाडी आत लावली तर मुलांचं सामान काय रस्त्यावर ठेवायचं?

लहान मूल घरात येतं तेव्हा एका हातात मावतं. त्याच्याबरोबर जे सामान येतं ते मात्र मावत नाही. झोपवायचं यंत्र, उठवायचं यंत्र, झोप लागली का हे ऐकायचं यंत्र, तीन प्रकारच्या खुर्च्या, बाळाला उभं करणारी गाडी आणि उभ्या बाळाला पुन्हा बसवणारी गाडी. मूल वर्षाचं होईतो या सामानाचं वजन करायला गावच्या धान्यकोठाराचा ट्रकचा काटा लागतो. (एका बापाने ते खरोखर करून पाहिलं. पावतीवर 'सोयाबीन' असं लिहून आलं.)

या परिस्थितीवर आमच्या आधीच्या पिढ्यांनी शोधलेला उपाय म्हणजे अंगणविक्री. आम्ही तिला यार्ड सेल म्हणतो. मे महिन्यातल्या एका शनिवारी रस्त्यावरचं प्रत्येक घर आपल्याला नको असलेल्या वस्तू अंगणात घडीच्या टेबलांवर मांडतं आणि शेजाऱ्यांना विकतं. त्याच दिवशी शेजाऱ्यांना नको असलेल्या वस्तू आपण विकत घेतो. संध्याकाळी सगळे जण थकूनभागून, समाधानाने आपापल्या गॅरेजचं दार पुन्हा मोठ्या मुश्किलीने लावतात. गॅरेज तेवढंच भरलेलं असतं, पण माल बदललेला असतो, आणि आयुष्यात बदल हवाच.

विक्रीच्या सुरळीत अंमलबजावणीसाठी एक समिती नेमलेली आहे. तिच्या अध्यक्षा, चिटणीस आणि खजिनदार व्हर्ना टॉलेफसन या आहेत. (आणखी एक सदस्य होते. त्यांनी एका बैठकीत 'मत घेऊ या' अशी सूचना केली. ते आता दुसऱ्या रस्त्यावर राहतात.) व्हर्नाबाई पंच्याहत्तरी उलटलेल्या आहेत. त्यांनी हयातभर शाळेची बस चालवली, त्यामुळे नजर समोरच्या आरशात ठेवून मागच्या बाकावर काय शिजतंय हे ओळखण्याची त्यांना सवय आहे. रस्त्यावरचे निम्मे बाप एके काळी त्याच मागच्या बाकावर बसलेले असल्यामुळे समितीचे सर्व निर्णय एकमताने होतात. मीही त्यांतलाच.

समितीची नियमावली जेमतेम पानभर आहे. सकाळी सातच्या आत कुणीही खरेदी करू नये. (सातच्या आत खरेदी करताना आजवर फक्त व्हर्नाबाई आढळल्या आहेत आणि त्या पाहणी करत होत्या.) पावसामुळे विक्री रद्द होणार नाही, ग्राहक रद्द झाले तर तो त्यांचा प्रश्न. तुकडे जुळवायचं कोडं विकताना 'बहुतेक सगळे तुकडे आहेत' असं म्हणावं, कारण 'सगळे आहेत' म्हणणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. आणि कलम चौथं: स्टिकरवर लिहिलेली पूर्ण किंमत जो देईल, त्याला वस्तू नाकारता येणार नाही. हे कलम सगळे विसरून गेले होते, कारण प्लम स्ट्रीटवर स्टिकरवरची पूर्ण किंमत कधी कुणी दिल्याचं ऐकिवात नाही. घासाघीस न करता पैसे काढून देणं हा विकणाऱ्याचा अपमान समजला जातो.

लहान मुलांचे आईबाप हा या संस्थेचा कणा आहे. खरेदीला निघताना ते मुलाच्या हातावर एक डॉलर ठेवतात, म्हणजे त्याला पैशाचं मोल कळावं. मूल त्या डॉलरमध्ये हमखास अशी वस्तू निवडतं जी आवाज करते आणि बंद होत नाही. मागच्या वर्षी माझ्या तीन वर्षांच्या सोरेनने एक प्लास्टिकची कोंबडी निवडली. तिचं पोट दाबलं की ती आज कोणता वार आहे ते सांगते. तिच्या मते रोज मंगळवार असतो. ही कोंबडी शेजारच्या डेल पुटनमने विकली होती. माझ्या हातात देताना डेलच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला वाटलं, बिचाऱ्याच्या किती आठवणी गुंतल्या असतील. वर्षभर घरात मंगळवार साजरा केल्यावर मला त्या अश्रूंचा अर्थ कळला. यंदा ती कोंबडी मी आमच्या टेबलावर पहिल्या रांगेत, मधोमध मांडली. यात कुणी कुणाला गंडवत नाही. याला अनुभवाचं हस्तांतरण म्हणतात.

विकण्याची बाजू त्याहून बिकट. ज्या खेळण्याकडे मुलाने वर्षभर ढुंकून पाहिलेलं नसतं, ते खोक्यात टाकताक्षणी त्याच्या काळजाचा तुकडा होतं. याला अपवाद आमची टिल्डा, वय सहा. तिने आपली सगळी खेळणी डोळ्यांत टिपूस न आणता विकली, मग शेजाऱ्यांच्या दारातल्या 'फुकट न्या' लिहिलेल्या खोक्यांतली खेळणी उचलून आणली आणि तीही विकली. काही तर मूळ मालकालाच विकली. समितीने तिची चौकशी केली. चौकशीला आलेल्या व्हर्नाबाई तिच्याकडून एक झाकण नसलेली बरणी घेऊन गेल्या.

आता एका नाजूक विषयाकडे वळणं भाग आहे. आमच्याकडे माणसं मनातलं बोलत नाहीत. म्हणजे आम्ही मुके आहोत असं नव्हे. हवामान, मका आणि दुसऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन या विषयांवर आम्ही तासन्‌तास बोलू शकतो. पण 'मला हे हवंय' किंवा 'मला हे नकोय' ही वाक्यं तोंडावाटे काढणं असभ्य समजलं जातं. चर्चच्या जेवणात केकचा शेवटचा तुकडा कुणीही घेत नाही. जो तो त्यातला निम्मा कापून घेतो, मग पुढचा उरलेल्यातला निम्मा, आणि सुरीने कापता येत नाही इतका तो बारीक झाला की ताट घासायला जातं.

अशा समाजात भावना व्यक्त करण्यासाठी काहीतरी सोय लागतेच. ती सोय म्हणजे नारिंगी गोल स्टिकर. अंगणात मांडलेल्या वस्तूंवरचे आकडे ज्याला वाचता येतात, त्याला त्या घरातलं सगळं कळतं. नव्याकोऱ्या फुलदाणीवर पंचवीस सेंट, म्हणजे ती सासूबाईंनी दिलेली आहे. 'काय द्याल ते द्या', म्हणजे नवऱ्याला अजून पत्ता नाही. व्यायामाची सायकल फुकट, म्हणजे पराभव मान्य. आणि वाजवीच्या दुप्पट किंमत असेल तर तिचा अर्थ एकच: कृपया ही घेऊ नका.

आमच्या गॅरेजमध्ये उजव्या कोपऱ्यात एक पाळणा होता. झुलणारा नव्हे, चार पायांचा, चारी बाजूंनी लाकडी कठडे असलेला, तान्ह्या बाळाला झोपवायचा. त्यात आधी टिल्डा झोपली, मग सोरेन. सोरेन मोठ्या पलंगावर गेल्यापासून त्यात सगळ्यांचे हिवाळ्याचे बूट झोपत. (ते अधूनमधून खाली जमिनीवर सापडत. कुणाचं काम ते कळत नसे. मी ते मुकाट्याने परत पाळण्यात ठेवत असे.) पाळणा अंगणात मांडणं म्हणजे आता या घरात बाळ येणार नाही अशी जाहीर सूचना लावणं, हे रस्त्यावर सगळ्यांना माहीत आहे. आणि मला तिसरं मूल हवं होतं. मनापासून हवं होतं. हे मी बायकोला, कॉरिनला, कधी सांगितलं नव्हतं, कारण तसा विषय निघाला नाही. (विषय कुणी काढायचा हा मुद्दा आमच्या लग्नात दहा वर्षं प्रलंबित आहे.)

विक्रीच्या आधीच्या रविवारी कॉरिन गॅरेजमध्ये उभी राहून म्हणाली, "पाळणा जागा अडवतोय, नाही का?"

"अडवतोय खरा," मी म्हणालो.

"काढायचा का मग?"

"तुला काय वाटतं?"

"माझं काही नाही. तुला वाटत असेल तर."

"माझं कसलं काय. तुझं बघ."

"बरं मग."

"बरं."

परक्या माणसाला वाटेल की इथे काहीच ठरलं नाही. पण आमच्याकडे निर्णय असेच होतात. गावातला पोहण्याचा तलाव याच पद्धतीने बांधला गेला आणि याच पद्धतीने बुजवला गेला. कॉरिनला तिसरं मूल नको आहे, हे मला तिच्या त्या 'बरं'वरून स्वच्छ कळलं. तिचं 'बरं' फार स्पष्ट असतं. मला वाईट वाटलं आणि मी जाऊन गवत कापलं.

हा पाळणा आम्ही सहा वर्षांपूर्वी याच रस्त्यावर तीस डॉलरला घेतला होता. शुक्रवारी दुपारी स्टिकर लावायचं काम माझ्याकडे होतं. मी पाळण्यावर साठ लिहिलं. माणूस याहून मोठ्याने ओरडू शकत नाही. कॉफी घेऊन परत येतो तो स्टिकर बदललेला. पंच्याऐंशी. अक्षर कॉरिनचं. मला धक्काच बसला. बाईला मूल तर नकोच आहे, वर नफाही हवाय! मी तो खरवडून शंभर लिहिलं. जेवायच्या आधी बघितलं तर एकशे वीस.

या विषयावर आम्ही एकमेकांशी अवाक्षर काढलं नाही. जेवताना फक्त कॉरिन म्हणाली, "लाकडाचे भाव वाढलेत म्हणे."

"हो, मीही ऐकलं," मी म्हणालो.

शनिवारी सकाळी अंगणात पाळणा मांडला तेव्हा त्यावर एकशे चाळीस होते. शेवटचे वीस कुणी वाढवले यावर आजही एकमत नाही.

सकाळ चांगली गेली. डेल पुटनमने आमच्याकडची स्कीची जोडी घेतली, जी आम्ही त्याच्याकडूनच घेतली होती. मग ते जोडपं आलं. गावाबाहेरच्या शेतावरचे वेड आणि जोलीन. पहिलंच बाळंतपण, सातवा महिना. इतकी गोड माणसं होती की त्यांना नाही म्हणणं कठीण होतं. जोलीन थेट पाळण्यापाशी गेली आणि कठड्यावरून हात फिरवत म्हणाली, "किती सुंदर आहे हो!"

"दिसतो खरा," मी म्हणालो. "पण हा कठडा करकरतो. बाळ जागं होतं."

"तेलाचा थेंब टाकला की थांबेल," वेड म्हणाला. शेतकऱ्याचा मुलगा, त्याला कशालाही उपाय माहीत.

तेवढ्यात कॉरिन आली. "आणि हे बघितलंत का? दातांचे ठसे. आमच्या सोरेनने अख्खा कठडा कुरतडलाय."

"अगं बाई! रंग गेला पोटात त्याच्या?"

"गेला ना."

"मग?"

"मग काय, हे असं झालं," कॉरिनने बोट दाखवलं. सोरेन तेव्हा डोक्यावर टोपली घालून कोंबडीशी भांडत होता. कोंबडी म्हणत होती, आज मंगळवार आहे. गिऱ्हाइकाशी इतकं प्रामाणिक राहणारी बायको मिळाल्याबद्दल मला अभिमान वाटला.

"काही झालेलं नाहीये पाळण्याला!" टेबलाखालून टिल्डा बाहेर आली. "मी आणि सोरेन दोघं त्यात उड्या मारायचो. मोडला का? नाही मोडला. घ्या तुम्ही. शंभरला देतील ते, मी सांगते त्यांना."

"टिल्डा, जा, लिंबूसरबत विक."

"संपलं."

"मग नवीन कर!"

वेड स्टिकरकडे बघत मान खाजवत होता. "एकशे चाळीस जरा जास्तच होतात."

"जास्तच आहेत," मी मनापासून म्हणालो.

"फारच जास्त आहेत," कॉरिन म्हणाली.

"काही कमी होतील का?"

"नाही," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

हा शब्द आमच्याकडे उघड्यावर वापरत नाहीत. डेल पुटनमच्या हातातली कॉफी हिंदकळून स्कीवर सांडली. एका बाईने आपल्या मुलाचे कान झाकले. वेड आणि जोलीनने मात्र आमचीच दहादा माफी मागितली आणि काहीच न घेता जाणं बरं दिसणार नाही म्हणून होणाऱ्या बाळासाठी ती कोंबडी घेतली. मी डॉलर घेतला नाही. उलट गाडीपर्यंत सोडायला गेलो.

दुपारी टेबलं आवरायची वेळ झाली. पाळणा जिथल्या तिथे होता आणि मी मनातल्या मनात निश्चिंत झालो होतो. तेवढ्यात व्हर्नाबाई रस्ता ओलांडून आल्या. त्यांनी पाळण्याकडे पाहिलं, स्टिकरकडे पाहिलं, कॉरिनकडे आणि माझ्याकडे पाहिलं, पर्स उघडली आणि नोटा मोजून टेबलावर ठेवल्या. एकशे चाळीस.

"अहो व्हर्ना," मी म्हणालो, "निदान भाव तरी करा!"

"कशाला? लिहिलंय ना ठसठशीत."

"पण तुम्हाला पाळणा कशाला हवाय?" कॉरिनचा आवाज चिरकला.

"कलम चार," व्हर्नाबाई म्हणाल्या. "त्यात कारण विचारायची तरतूद नाही. चल लाइल, धर ते टोक. बसमधून उतरताना स्वतःचं दप्तर कधी धरलं नाहीस, पाळणा तरी धर."

आम्ही नवराबायकोने तो पाळणा स्वतःच्या हाताने रस्त्यापलीकडे नेला. नियम म्हणजे नियम. व्हर्नाबाईंनी तो गॅरेजच्या दाराशी ठेवून घेतला आणि आम्हाला वाटेला लावलं. त्यांच्या गॅरेजमध्ये काय आहे याबद्दल रस्त्यावर कधी कुणी बोललं नव्हतं. परत आलो तेव्हा आमच्या गॅरेजच्या उजव्या कोपऱ्यात पाळण्याच्या चार पायांचे चार स्वच्छ ठसे होते आणि भोवती धूळ.

विक्री जोरात झाली होती आणि खरेदीला उसंतच मिळाली नव्हती. त्यामुळे गॅरेजमध्ये मोटारीएवढी जागा झाली. ऊन अजून होतं. दुसरं काय करावं ते सुचेना म्हणून मी गाडी आत घेतली. मुलं मागे बसली, कॉरिन शेजारी. इंजिन बंद केलं. लग्नाच्या दहा वर्षांत पहिल्यांदाच आमची गाडी आमच्या गॅरेजमध्ये उभी होती, आणि उतरावंसं कुणालाच वाटेना.

"साठ का लिहिलंस?" कॉरिनने समोरच्या भिंतीकडे बघत विचारलं. "तीसचा तो पाळणा."

"तू पंच्याऐंशी का केलेस?"

"आधी मी विचारलंय."

मी स्टिअरिंगलाच उत्तर दिलं, "कुणी घेऊ नये म्हणून."

"काय?"

"कुणी घेऊ नये म्हणून लिहिले. साठ."

"अरे, मग विकायला काढलासच कशाला?"

"तुला काढायचा होता ना! तू म्हणालीस, तुला वाटत असेल तर."

"त्याचा अर्थ हो होतो?" कॉरिन माझ्याकडे वळली. "लाइल, दहा वर्षं माझ्याबरोबर राहतोयस. त्याचा अर्थ हो असा कधी झालाय?"

"मला अजून एक मूल हवंय," मी म्हणालो. बंद गाडीत ते फार मोठ्याने ऐकू आलं. गवत कापण्यापलीकडे या बाबतीत माझ्या हातून काहीच झालेलं नव्हतं आणि आता एकदम बोलून गेलो होतो.

कॉरिनने चेहरा झाकून घेतला. मग रडत रडतच म्हणाली, "मलाही. कधीपासून! त्या पाळण्यातले बूट मी काढून ठेवायचे, तो पुसायचे, आणि दुसऱ्या दिवशी बघते तर तू पुन्हा त्यात चिखलाचे बूट भरलेले. मला वाटायचं, हा आपल्याला उत्तर देतोय."

"मला वाटलं, मुलं काढतात बूट."

"आम्ही नाही काढत," मागून टिल्डा म्हणाली. "म्हणजे बाळ येणार का? कितीला?"

"मला बाळ नको," सोरेन म्हणाला. "मला कोंबडी पाहिजे."

आम्ही चौघं तसेच रस्ता ओलांडून व्हर्नाबाईंच्या दारात गेलो. त्यांनी काही न विचारता गॅरेजचं दार वर केलं. मोटार आत नव्हतीच. आत वस्तू होत्या, ओळीने, नीट झाकलेल्या, आणि प्रत्येक वस्तूवर तिचा मूळ स्टिकर. लग्नाचा पांढरा झगा. एक होडी. पुटनमच्या मेलेल्या कुत्र्याचं नाव लिहिलेलं लाकडी घर. पियानोसारख्या पट्ट्या असलेला एक जुना अ‍ॅकॉर्डियन. आणि पाळणे. आमचा धरून चार पाळणे.

"हे सगळं कुणाचं आहे?" कॉरिनने विचारलं.

"ज्यांनी दुप्पट लिहिलं त्यांचं. येतात परत न्यायला. हॅबरकॉर्न नवराबायकोचा तो झगा इथे येऊन तीन वर्षं झाली, अजून आले नाहीत. दोघंही शिकलेले आहेत ना, वेळ लागणार." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "तुम्ही उद्या याल असं मी धरलं होतं."

मी खिशातून त्यांच्याच नोटा काढल्या. व्हर्नाबाईंनी आमच्या पाळण्यावर नवा नारिंगी स्टिकर चिकटवला. एकशे पासष्ट.

"हे वरचे पंचवीस कसले?"

"भाडं."

"अहो, दोन-तीन तासांचं?"

"दोन वर्षं आरशात बघतेय मी तुम्हाला," व्हर्नाबाई म्हणाल्या. "ते धरून."

मी घासाघीस करून पाहिली. त्या 'नाही' म्हणाल्या, अगदी उघड्यावर, आणि त्यांना काहीही झालं नाही. अशा भाड्यातूनच समितीची घडीची टेबलं येतात, ताडपत्र्या येतात, नाताळात रस्त्यावर दिवे लागतात. आमच्या रस्त्यावरची माणसं मनातलं बोलू लागली तर ही संस्था महिन्याभरात दिवाळखोरीत निघेल. सुदैवाने तशी काही लक्षणं नाहीत.

गाडी पुन्हा बाहेर आली आणि पाळणा कोपऱ्यात त्याच चार ठशांवर बसला. पुढच्या मार्चमध्ये, बर्फ वितळत असताना, मुलगी झाली. तिचं नाव व्हर्ना ठेवावं असं कॉरिनला वाटत होतं. मला ते पंचवीस डॉलर आठवतात, म्हणून नाही ठेवलं. वेड आणि जोलीनने बाळासाठी भेट पाठवली. खोकं दारात ठेवल्या ठेवल्याच आतून सांगू लागलं, आज मंगळवार आहे. सोरेनला आनंदाने रडू फुटलं. मलाही फुटलं.

इथवर वाचून तुम्ही बराच वेळ आमच्यावर हसला असाल. हसा. तुमच्याकडे गॅरेज नसेल, पण माळा असेल, पलंगाखालची पेटी असेल, जिन्याखालची जागा असेल. तिथे एक वस्तू आहे. कोणती ते मी सांगायला नको, आत्ता तुमच्या डोळ्यांपुढे आलीच. ती काढून टाकायची असं घरात दोघांचं ठरलेलं आहे. फक्त कुणी नीट भाव देत नाही, म्हणून राहिली आहे. तो भाव किती सांगता, हे जरा मोठ्याने म्हणून बघा, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असं. तिथल्या माणसाने कदाचित कालच त्यात वीस वाढवले असतील. मोठ्याने नाही म्हणालात तरी चालेल, आमचाही आग्रह नाही. पण आमच्याकडे निदान व्हर्नाबाई आहेत. तुमची वस्तू उद्या कुणी पूर्ण किंमत मोजून उचलून नेली, तर ती तुम्ही कुणाकडून परत आणणार?